प्रत्येक मागणीला 'मूलभूत हक्क' म्हणावं का?

पायवाट: हल्ली कुठलीही मागणी 'हा आमचा मूलभूत हक्क आहे' अशीच सुरू होते. मला हे खटकतं. मूलभूत हक्क म्हणजे राज्यघटनेच्या भाग 3 मधले हक्क. त्यांना डावलणारा कायदा कलम 13 मुळे तेवढ्यापुरता रद्द ठरतो आणि कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. मतदान कितीही मोलाचं असलं तरी ते कलम 326 मध्ये, म्हणजे भाग 3 च्या बाहेर आहे. मालमत्तेचा हक्क एकेकाळी मूलभूत होता. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो कलम 300अ मध्ये गेला. सरसकट सगळ्यालाच मूलभूत म्हटलं, तर रिट, म्हणजे हक्कासाठी थेट वरच्या न्यायालयात करायची याचिका, नेमकी कशासाठी करता येते हे सामान्य माणसाला कळणार कसं?

श्रावणसर: साफ असहमत. भाग 3 मध्ये खासगीपणा कुठे लिहिलाय? तरी 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने मूलभूत मानला. शिक्षणाचंही तसंच. 1993 मध्ये न्यायालयाने ते कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, सामावलेलं मानलं; शिक्षणाचं वेगळं कलम 21अ घटनेत आलं ते 2002 च्या दुरुस्तीने. लोक आधी हक्क म्हणून भांडले, म्हणून हे झालं.

पायवाट: भांडावंच. पण खासगीपणाही शेवटी भाग 3 मधल्या कलमांच्याच आधाराने मान्य झाला ना? न्यायालय मान्य करेपर्यंत ती मागणीच असते.

मोरपंखी: 'कोणाविरुद्ध' हा प्रश्न दोघांनीही सोडलात, आणि लोकांचा खरा घोळ तिथेच होतो. हे हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत. सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं म्हणून कुणी कलम 19 (भाषणासारखी स्वातंत्र्यं) दाखवू लागलं, तर ते सहजी चालत नाही. मात्र अस्पृश्यता (17), वेठबिगारी (23), बालमजुरी (24) यांवरची बंदी खासगी माणसालाही लागू आहे. 2023 मध्ये तर घटनापीठाने बहुमताने म्हटलं की 19 आणि 21 खासगी व्यक्तींविरुद्धही वापरता येतील. त्याचा रोजच्या व्यवहारात अर्थ काय, हे अजून ठरायचंय.

श्रावणसर: पायवाट, 'न्यायालय मान्य करेपर्यंत' यालाच माझा विरोध आहे. 1976 मध्ये, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयानेच बहुमताने सांगितलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्या दिवशी त्याचा जगण्याचा हक्क संपला होता का? मी तरी तसं मानणार नाही. 2017 च्या निकालाने तो निर्णय चुकीचा ठरवला, म्हणजे हक्क मधल्या काळातही होताच.

पायवाट: पण 2017 पर्यंत माणसाला वाचवलं कशाने? त्याच 44 व्या दुरुस्तीने! आणीबाणीतही कलम 20 (गुन्ह्याच्या खटल्यातलं संरक्षण) आणि 21 ची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, हे तिने घटनेत लिहून टाकलं. म्हणून मी लिखित कलमाला धरून बसतो.

श्रावणसर: आणि ते लिहायला लावलं आणीबाणी भोगलेल्या लोकांनी. त्यांनी न्यायालयाच्या मान्यतेची वाट पाहिली नव्हती.