एआय एजंटसाठी रेपोतल्या स्क्रिप्टांची माहिती कुठं आणि किती लिहायची?

पन्हाळा_रोड:
नमस्कार मंडळी. आमची कोल्हापुरात छोटी टीम आहे, दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट-एसएनएफवरून (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) दर, दर 10 दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात वगैरे. रेपो (सगळ्या कोडचा साठा) जुना आहे आणि टूल्स फोल्डरात लई स्क्रिप्टा साठल्यात, दरपत्रक लोड करणारी वेगळी, टेस्ट डेटा बनवणारी वेगळी, बिल परत काढून जुन्याशी ताडून बघणारी वेगळी. पोरांना सगळ्या तोंडपाठ आहेत, लिहून कुठंच नाहीत. आता क्लॉड कोड आणि कोपायलट हे कोड लिहिणारे दोन्ही एआय एजंट वापरतोय, आणि एजंट सरळ पायटेस्ट (टेस्ट चालवायची कमांड) मारतो, डेटाबेस चालू नसतो म्हणून टेस्ट धडाधड पडतात, मग त्याला वाटतं कोडच चुकलाय आणि नीट चाललेला दराचा हिशोब बदलायला घेतो. दरपत्रक लोड करायला तर त्यानं स्वतःची नवीच स्क्रिप्ट लिहिली, आमची शेजारच्या फोल्डरात असताना. ही माहिती रीडमीत टाकायची, एजंट्स डॉट एमडीत (एजंटसाठीच्या सूचनांची फाइल), का प्रत्येक स्क्रिप्टमागं एक पान करायचं? आणि मराठीत लिहिलं तर चालतंय का?

शिरोली_नाका:
एजंट्स डॉट एमडी करा, रेपोच्या मुळाशी ठेवा. साधी मार्कडाउन फाइल आहे, ठरलेला साचा काही नाही, आणि आतल्या फोल्डरात दुसरी ठेवली तर त्या कामापुरती जवळची फाइल धरायची असा नियम आहे. कोपायलटचा एजंट ती वाचतो. क्लॉड कोड क्लॉड डॉट एमडी ही त्याची स्वतःची फाइल बघतो, तर त्यात अॅटचं चिन्ह लावून एजंट्स डॉट एमडीचं नाव द्यायचं, आतला मजकूर आपोआप येतो. दोन ठिकाणी तेच लिहू नका, महिन्याभरात एक खरं आणि एक खोटं होतं.

रीडमी माणसांसाठी राहू द्या. आणि एजंटच्या फाइलमध्ये प्रोजेक्टचा इतिहास, आमचं व्हिजन असलं काही नको, ती दर सेशनला आख्खी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एजंटच्या समोरच्या मजकुरात, जाते.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
वरचं पटतंय, पण भावा नुसत्या फाइलनं तुझं दुखणं जाणार नाही. फाइल सुरुवातीला वाचली जाते, आणि काम लांबलं की मधे ढीगभर आउटपुट साठतं आणि तो नियम मागं पडतो. म्हणून माझं ठाम मत आहे की टूलची माहिती टूलनंच सांगितली पाहिजे, आणि ती नेमकी अडल्यावर. तुझंच उदाहरण घे, डेटाबेस बंद असताना टेस्ट पडूच देऊ नको, सुरुवातीलाच तपास आणि एका ओळीत छाप की डेटाबेस चालू नाही, आधी मेक डीबी चालवा, कोडला हात लावू नका. ही एक ओळ दोन पानांच्या डॉक्युमेंटला भारी पडते कारण एजंटला ती त्याच क्षणी दिसते आणि पुढचं पाऊल पण त्यातच असतं.

मग एक्झिट कोड बघ, म्हणजे स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक. बऱ्याच जुन्या स्क्रिप्टा एरर छापतात आणि शून्य परत देतात, माणूस लाल अक्षरं बघून थांबतो, एजंट शून्य बघून झालं समजतो आणि पुढं जातो. पुढचं म्हणजे मधेच हो का नाही विचारणाऱ्या स्क्रिप्टा, तिथं तो लटकतो, त्यासाठी न विचारता चालणारा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) ठेव. वॉच मोडमध्ये उघडून संपतच नाहीत ते टेस्ट रनर, पेजरमध्ये उघडून कळ दाबायची वाट बघणारा गिट लॉग, ही त्याच जातीची भानगड. आउटपुट पण आवर, पास झालेल्या टेस्टची यादी कुणालाच नको असते, पडलेल्या तेवढ्याच दाखव आणि पूर्ण लॉग फाइलमध्ये टाक, फाइलचा पाथ शेवटी छाप.

प्रत्येक स्क्रिप्टला हेल्प असू दे, त्यात एक खरंखुरं चालणारं उदाहरण, प्लेसहोल्डर नको. सगळ्या स्क्रिप्टा मेकफाइलमागं (कमांडची नावं एका जागी ठेवणारी फाइल) ने म्हणजे दार एकच राहतं. मग एजंट्स डॉट एमडीत उरतं फक्त कुठल्या कामाला कुठलं टूल, आणि नवीन स्क्रिप्ट लिहायच्या आधी टूल्स फोल्डर बघ एवढंच. ते आठ-दहा ओळीत बसतंय.

पन्हाळा_रोड:
एरर मेसेजमध्येच पुढची कमांड द्यायची हे डोक्यातच आलं नव्हतं, लई उपयोगी. अजून एक विचारतो. बिल काढणारी स्क्रिप्ट कनेक्शन दिलं की थेट चालू डेटाबेसवर पण चालते. शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या पैशाचा प्रश्न आहे ओ. एजंट्स डॉट एमडीत ठळक लिहिलं की ही चालवायची नाही, तर पुरे का?

रंकाळा_तालीम:
नाही दादा, अजिबात पुरे नाही. ती फाइल म्हणजे सूचना, कुलूप नव्हे. बहुतेक वेळा पाळली जाईल, पण पैशाच्या कामात बहुतेक वेळा चालत नाही. चालू डेटाबेसचा पासवर्ड एजंट चालतो त्या मशीनवर ठेवूच नका, त्याला फक्त कॉपी द्या आणि तीही सभासदांची नावं-खातेनंबर बदललेली. क्लॉड कोडच्या सेटिंगमध्ये ठराविक कमांड नाकारता येतात, तेही करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि स्क्रिप्टलाच बदला, काही न सांगता चालवली तर नुसतं काय बदलणार ते दाखवेल, खरं लिहायचं तर वेगळा फ्लॅग लागेल.

मराठीचं विचारलंत ते राहिलंच. कळतं त्याला. फक्त देवनागरीला साधारणपणे टोकन (मॉडेल मजकूर वाचतं ते तुकडे) जास्त लागतात आणि ही फाइल दर वेळी लोड होते, म्हणून मी कमांडच्या ओळी इंग्रजीत ठेवते. पण उचल, कपात, रिबेट हे तुमच्या हिशोबात नेमकं कशाला म्हणतात आणि कुठल्या क्रमानं वजा होतं ते मराठीतच नीट लिहा, तिथं काटकसर नको, कारण चुकीची दुरुस्ती तिथंच होते. आणि फाइलमध्ये दिलेली प्रत्येक कमांड सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणारी तपासणी) एकदा चालवून घ्या, एखादी पडली की मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडात मिसळणं, थांबलं पाहिजे.