डिझेलमध्ये पाणी म्हणे, वॉरंटी नाही!

सातारकर: खंबाटकी घाटात गाडीने मान टाकली. वॉरंटी चालू आहे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, डिझेलमध्ये पाणी होतं, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले, खर्च तुमचा. नमुना दाखवा म्हटलं की उडवाउडवी. काय करू?

गॅरेजवाला: दादा, नकाराचं कारण जॉबकार्डवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) लेखी घ्या. फिल्टरच्या तळाचं डिझेल तुमच्यासमोर काचेच्या बाटलीत काढायला लावा. पाणी असलं तर खाली बसतं, डोळ्यांना दिसतं. जुने इंजेक्टर सोडू नका. पंपाच्या पावतीचा फोटो काढा, मेली शाई उडते.

वकीलकाका: भांडण तोंडी नको, ईमेलवर. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रार करायची मुदत २ वर्षं.

सातारकर: बाटली भरली, पाण्याचा थेंब नाही! मॅनेजर आता 'वर विचारतो' म्हणतोय. काका, ईमेलचा मसुदा बघाल का?