घोट्याच्या बिंदूंआधी सूज बघा

घोट्याच्या आतल्या बाजूचे, गर्भाशयाशी जोडलेले मानले जाणारे बिंदू टाळले की गरोदर बाईला रिफ्लेक्सॉलॉजी (पायाचे ठरावीक बिंदू दाबायचा उपचार) द्यायला हरकत नाही, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. बिंदू टाळायला माझीही ना नाही. पहिले तीन महिने तर मी पायाला हातच लावत नाही. पण आधी सूज बघा. मे महिन्यात म्हापशाच्या उकाड्यात दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचंच. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, गरमपणा असेल तर मात्र शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि गरोदरपणात तो धोका वाढलेला असतो. तो पाय अजिबात चोळू नका, तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवा. २० आठवड्यांनंतर चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या विकाराची, शंका घ्यायची. तिथे आपलं काम थांबतं. १०८ ला फोन करायचा.

झोपवण्याबद्दल तर कोणीच लिहिलं नाही! पाचव्या महिन्यानंतर उताणं नको. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो, घेरी येते. डाव्या कुशीवर दोन्ही तळव्यांपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून मी पाठीला उशा लावून अर्धवट बसवते.