मदत हवी आहे: बाबांचे ११ दिवसांच्या शूटिंगचे पैसे अडकलेत आणि आता पॅचवर्कला बोलावताहेत

नमस्कार मंडळी. सिनेमा-मालिकांच्या हिशेबातलं, नाहीतर कायद्यातलं कळणारं इथे कोणी असेल तर कृपया वाचा. पॅचवर्कला, म्हणजे सिनेमाचे राहिलेले तुकडे नंतर शूट करायला, बाबा येणार का याचं उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं आहे.

माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. आधी हौशी आणि समांतर रंगभूमी, आणि गेली २२ वर्षं हिंदी-मराठी सिनेमांत कॅरेक्टर रोल. हवालदार, मुनीम, हेडमास्तर, मुलीचा बाप. चेहरा बघून लोक थबकतात, नाव आठवत नाही. वर्दीतली भूमिका लहान नसते हे सांगताना ते जगदीश राज यांचा दाखला देतात. १४४ सिनेमांत पोलीस इन्स्पेक्टर करून त्यांनी गिनेसमध्ये नाव नोंदवलं.

सात महिन्यांपूर्वी बाबांनी एका हिंदी सिनेमात जमादाराचं काम केलं. मढच्या एका बंगल्यावर ११ दिवस. सातचा कॉल असायचा, म्हणजे डोंबिवलीहून पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून मालाड, पुढे रिक्षा. एकदा सकाळी मेकअप करून बसवलं आणि पहिला शॉट रात्री नऊला लागला. बाबांची त्याबद्दल तक्रार नाही, वाट बघणं हे कामच आहे म्हणतात.

ठरलेला दर दिवसाला ६,००० रुपये, म्हणजे ६६,०००. पैसे ९० दिवसांनी मिळतील असं कोऑर्डिनेटरने (कलाकारांना काम मिळवून देणारा) सांगितलं होतं. ते ९० दिवस कधीच उलटले. करार झालेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा, दर आणि 'डन सर' एवढंच आहे. शिवाय बाबांची वही आहे. त्यात रोजची तारीख, लोकेशन, कॉल टाइम, पॅक-अपची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'आले' किंवा 'यायचे'. या ११ ओळींपुढे अजून 'यायचे' आहे.

जुनी मंडळी डबिंगच्या आधी हिशेब चुकता करून घ्या म्हणतात. बाबांनी दिग्दर्शकाच्या शब्दावर दीड तासात डबिंग करून दिलं. ती संधी गेली.

आता दोन गोष्टी घडल्यात. रिटर्न भरायला मी बाबांचा फॉर्म २६एएस (त्यांच्या नावे कापलेल्या कराची नोंद) काढला तर त्यात या निर्मिती संस्थेच्या नावाने ६,६०० रुपये टीडीएस दिसला. म्हणजे त्यांच्या खात्यात बाबांचं मानधन मांडलंय, १० टक्के कापून सरकारला भरलेत, आणि उरलेले ५९,४०० मात्र बाबांपर्यंत आले नाहीत. मला स्वतःला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. चुकत असेन तर सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे परवा फोन आला, पुढच्या आठवड्यात एक दिवस पॅचवर्क आहे, मिशी तशीच आहे ना? आहे. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे आधीच्या शॉटशी चेहरा जुळावा म्हणून, सात महिने राखलीय. मधे एका जाहिरातीत आजोबांचं काम येत होतं, त्यांना सफाचट चेहरा हवा होता, म्हणून बाबांनी ते सोडलं. हे आईकडून कळलं तेव्हा मला रडू आलं.

मी म्हणते, आधीचे पैसे जमा झाल्याशिवाय जायचं नाही. बाबा म्हणतात, "अगं, सीन अर्धवट राहील. आणि अडवून धरतो असं नाव झालं की फोन बंद होतात." त्यांची भीती खोटी नाही, म्हणूनच विचारतेय:

पॅचवर्कला जाण्याआधी थकबाकी मागणारा मेल कोणाच्या नावे टाकावा, कोऑर्डिनेटर, लाइन प्रोड्यूसर (शूटिंगचा रोजचा खर्च बघणारा) की थेट निर्माता? वाकडेपणा वाटणार नाही असा मसुदा कोणी देईल का?

बाबांचं सिंटाचं (सिने-टीव्ही कलाकारांची संघटना) कार्ड आहे. लेखी करार नसताना तिथे तक्रार घेतात का? कोणी अशी वसुली केली असेल तर किती काळ लागला?

उद्यम नोंदणी (लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी) असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असं एका मैत्रिणीने सांगितलं. बाबांची नोंदणी नाही. काम झाल्यावर केलेली नोंदणी जुन्या येण्याला लागू होत नाही असं वाचलं, पण निदान पुढच्या कामांसाठी ती करून ठेवावी का? कलाकारांपैकी कोणी केली आहे?

वकिलाची नोटीस मला शेवटी ठेवायची आहे. पण या दिवसाचं मानधन सेटवरच, मेकअपला बसण्याआधी मागितलं तर चालतं का? बाबांना ते तोंडाने मागणं जमणार नाही. मी सोबत जाऊन मागितलं तर त्यांना कमीपणा येईल का, हेही प्रामाणिकपणे सांगा.