मंत्रचळ, समजूत आणि वास्तूचं तथास्तु

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एका प्रश्नावलीचं मराठी करतोय. 'ऑब्सेसिव्ह बिलीफ्स क्वेश्चनेअर', मोठ्यांची ४४ विधानांची; मुलांसाठीची आवृत्ती २०१०ची. 'ऑब्सेसिव्ह बिलीफ'ला शब्द काय? 'मंत्रचळी श्रद्धा' लिहिलं तर बायको हसली.

वाशी: हसणारच! मंत्र चुकला म्हणून लागलेला चळ तो मंत्रचळ. दहादा हात धुणाऱ्याला, कडी पुन्हापुन्हा तपासणाऱ्याला आपण मंत्रचळ्या म्हणतो, म्हणजे ते वागण्याचं नाव झालं. ही प्रश्नावली अशा वागण्याची लक्षणं नाही, त्यामागची गृहीतं मोजते: अनर्थ टाळणं माझ्याच अंगावर आहे, सगळं बिनचूक नि खात्रीचं हवं, मनात आलेल्या विचाराला वजन आहे आणि तो काबूत राहायलाच हवा. 'श्रद्धा' नको, तिला हार घालावा लागतो. 'धारणा' पुस्तकी. सरळ 'समजूत' लिहा.

ऐरोली: आणि 'इंट्रूझिव्ह थॉट्स'ला 'नको ते विचार' तर मुळीच लिहू नका. नववीतली पोरं खिदळतील. 'नको असताना येणारे विचार' म्हणा.

नौपाडा: 'समजूत' घेतली. पण अडचण दुसरीच निघाली. कच्चा मसुदा भाचीला भरायला दिला. वाईट मनात आणलं की ते घडतं, अशा अर्थाच्या विधानापुढे तिनं 'अगदी पटतं'वर खूण केली आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'आजी. वास्तू.'

वाशी: वा! तिन्हीसांजेला अभद्र बोललं की 'वास्तू तथास्तु म्हणते' हे घरोघरी ऐकलेलं. म्हणजे पोरीनं घरातली म्हण नोंदवली, स्वतःची समजूत नाही. 'च' वापरून बघा: 'माझ्या मनात आलं म्हणूनच ते घडेल.' आजीच्या म्हणण्यात हा 'च' नसतो.

ऐरोली: 'च'नं विधान कडक होतं. मुळात तेवढा जोर नसेल तर मोजपट्टीच बदलली की. मूळ न पाहिलेल्या कुणाकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी, करून घ्या, मुळाशी ताडून बघा, मग ठरवा. भाचीला 'तुला स्वतःला काय वाटतं?' असंही विचारा, फुकट आहे.

नौपाडा: विचारलं. म्हणाली, "मला नाही तसं वाटत, पण आजीसमोर नाही म्हणणार नाही." 'च' तूर्त कंसात ठेवलाय.

कळवा: उशिरा आलो. शीर्षकात 'चळ' येऊ देऊ नका एवढंच. मनोरुग्णालय १९०१पासून आपल्याकडे, त्यामुळे 'ठाण्याला पाठवा' हा विनोद ठाण्यातल्या मुलांनाही पाठ आहे. वर नुसतं 'माझ्या समजुती' पुरे.