मदत हवी आहे : आई-बाबांना दोई इंथानॉनला कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. मी थायलंडमध्ये चिआंग माईला इंग्रजी शिकवते. आठवडा वह्या तपासण्यात जातो, शनिवारी लाल सोंगथ्यावमधून (मागे दोन बाकं, आपलं वडापच!) शहराजवळच्या दोई सुथेप डोंगरावर जाते.

डिसेंबरात आई-बाबा येताहेत. त्यांना दोई इंथानॉन दाखवायचंच आहे. २५६५ मीटर, या देशातलं सर्वांत उंच शिखर. पण बाबांचे गुडघे दुखतात. एका दिवसात जाऊन येणं झेपेल, की मुक्काम करावा?

दुसरी काळजी आईच्या जेवणाची. ती शाकाहारी, आणि इथे साध्या भाजीतही माशाचा सॉस पडतो. शहरात मी लाल अक्षरांचा पिवळा ‘जे’ (म्हणजे इथलं कडक शाकाहारी जेवण) फलक शोधते. तिथे कांदा-लसूणही नसतो. डोंगरावर असं काही मिळेल, की डबाच न्यावा?

वडीलधाऱ्यांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.