लॉटचं नाव टाइप केलं की लेबल प्रिंटर सुरू होतो

पॅकहाऊसवाली
पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये मी आकडेवारी बघते. मोबाईलवरून लिहितेय, म्हणून कोडही देवनागरीतच. सांभाळून घ्या.

आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेतली माझी एक फाइल गेले तीन सीझन बिनतक्रार चालू आहे. तिच्यात प्रिंट.लॉट() नावाचं फंक्शन आहे. त्याला लॉट दिला की पेट्यांवरची लेबलं लेबल प्रिंटरवर जातात: प्लॉट नंबर, तोडणीची तारीख, ब्रिक्स (द्राक्षातल्या गोडीचं माप), वजन. प्रती किती ते सांगितलं नाही तर ६०, कारण आमच्या एका ट्रॉलीवर तेवढ्या पेट्या बसतात. लॉट म्हणजे आतापर्यंत साधी लिस्ट होती.

परवा मला शहाणपण सुचलं आणि प्रत्येक लॉटला मी क्लास, म्हणजे वस्तूच्या प्रकाराचं नाव, दिला: "लॉट". काल सकाळी ब्रिक्स बघायला कन्सोलवर (आरला हुकूम द्यायच्या खिडकीत) नुसतं लॉट१२ लिहून एंटर मारलं, तर पलीकडच्या टेबलावर प्रिंटर खर्रर्र करत ६० लेबलं ओकला. वाटलं, दुसऱ्या कुणीतरी पाठवली असतील. पुन्हा एंटर, पुन्हा ६०. तिसऱ्या वेळी सुपरवायझरकाका लेबलांची माळ गळ्यात घालूनच आले. "ताई, आज गाडी एकच आहे!"

मी ते फंक्शन बोलावलंच नाही. मग ते चाललं कसं?

जुना_आरवाला
तुम्ही नाही, आरनं बोलावलं. कन्सोलवर वस्तूचं नाव लिहून एंटर मारलं की आर गुपचूप प्रिंट() चालवतं. प्रिंट हे जेनेरिक आहे, म्हणजे खरं काम वस्तूप्रमाणे दुसऱ्या फंक्शनकडे सोपवणारं. ते वस्तूचा क्लास बघतं, मध्ये टिंब टाकून नाव जुळवतं आणि त्या नावाचं फंक्शन, म्हणजे मेथड, शोधतं. क्लास "लॉट", म्हणून प्रिंट.लॉट. ते तुम्ही वेगळ्याच कामासाठी लिहिलंय हे त्याला कळायचा मार्गच नाही. आरच्या या पद्धतीला एस-थ्री म्हणतात, आणि तिच्यात नाव हाच करार असतो. लिस्ट होती तोवर आरच्या सर्वसाधारण प्रिंट.डिफॉल्टवर भागत होतं. तीन सीझन सुरुंग पेरलेलाच होता, वात परवा लावलीत.

वाईट वाटून घेऊ नका, खुद्द आरमध्येही हा घोळ आहे. टी.टेस्ट() ही टी-चाचणी, पण टी() म्हणजे मॅट्रिक्स आडवी-उभी करणारं जेनेरिक. आर ४.० च्या आधी क्लास "टेस्ट" असलेल्या वस्तूवर टी() चालवलं की ते थेट टी-चाचणीकडे जायचं. सॉर्ट.लिस्ट हे नाव सॉर्ट() च्या लिस्टसाठीच्या मेथडसारखं दिसतं, पण ती मेथड नाहीच; तिला लिस्ट दिली तर एरर उलट तुम्हालाच विचारते, की तुम्ही लिस्टवर सॉर्ट चालवलंय का? हे टिंब आलं जुन्या सवयीतून. पूर्वी अंडरस्कोअर म्हणजे असाइनमेंट, नावाला किंमत द्यायची खूण, होती. नावात तो चालायला लागला २००४ मध्ये, आर १.९.० पासून. तोवर लोकांची बोटं टिंबावर बसली होती.

तुम्ही लेबल_छापा असं काहीतरी ठेवा. लॉट.प्रिंट असं उलटं करू नका. आज ते चालेल, उद्या कुणी लॉट() नावाचं जेनेरिक आणि "प्रिंट" नावाचा क्लास केला की पुन्हा तेच.

पॅकहाऊसवाली
नाव बदललं, फाइल सेव्ह केली, आर बंद करून परत उघडलं. लॉट१२, एंटर. खर्रर्र! आता मात्र हसू येतंय. (प्रिंटरची वायर काढून ठेवलीय.)

जुना_आरवाला
आर बंद करताना वर्कस्पेस, म्हणजे तेव्हा आरमध्ये असलेलं सगळं, सेव्ह करता ना? जुनं फंक्शन त्यातून परत येतंय. आरएम(प्रिंट.लॉट) करून ते पुसून टाका आणि वर्कस्पेस सेव्ह करायची सवयच सोडा.

टिंबविरोधी
हे पुढेमागे पॅकेजमध्ये (इतरांना देण्याजोग्या फंक्शनांच्या गठ्ठ्यात) टाकणार असाल तर एक सांगते. आर ४.० पासून, म्हणजे २०२० पासून, जोडलेल्या पॅकेजमध्ये नुसतं पडलेलं, मेथड म्हणून नोंद नसलेलं फंक्शन असं सहजासहजी सापडत नाही. त्यावर विसंबू नका. पॅकेजच्याच एखाद्या फंक्शनमध्ये प्रिंट(लॉट) लिहिलंत तर घरातल्या घरात ते सापडतंच. शिवाय पॅकेज बनवायला मदत करणाऱ्या रॉक्सिजननं एक्स्पोर्टची (बाहेर वापरायला खुलं असल्याची) खूण बघितली की तेच त्याला मेथड समजून नेमस्पेसमध्ये, म्हणजे पॅकेजच्या नावांच्या नोंदवहीत, नोंदवतं. टूल्स पॅकेजमध्ये नॉनएसथ्रीमेथड्स() आहे. मेथडसारखी दिसणारी पण मेथड नसलेली फंक्शनं ते दाखवतं. यादी बघा, बेस आरचीच केवढी निघते!

पॅकहाऊसवाली
आरएम केलं, गेलं. लेबल_छापा वेगळं केलं, आणि त्यात प्रती सांगितल्याशिवाय ते चालणारच नाही असं ठेवलं. रिकाम्या झालेल्या नावावर खरंखुरं प्रिंट.लॉट लिहिलं: तीन ओळी दाखवतं, प्लॉट, ब्रिक्स, वजन. वायर परत जोडली तेव्हा काका शेजारी येऊन उभे होते. काही निघालं नाही.

वाया गेलेल्या लेबलांची मागची बाजू कोरी आहे. चहाचा हिशोब सध्या त्यांच्यावर चालू आहे.